तिकिटाची पाठ

टपाल तिकिटाची किंमत बरीचशी त्याच्या पाठीवर ठरते, हे कळेपर्यंत मी कितीतरी वर्षं नुसतं त्याचं तोंड बघत होतो. विक्रेत्यांच्या याद्यांत प्रत्येक तिकिटापुढे दोन-तीन अक्षरं असतात: यूएम, एमएम, एफयू. कुणाला विचारायची लाज वाटायची, म्हणून त्यांचा मनाला येईल तो अर्थ लावायचो.

पहिला फटका 'एमएम'ने दिला. ब्रिटिश पद्धतीच्या यादीत एमएम म्हणजे माउंटेड मिंट आणि यूएम म्हणजे अनमाउंटेड मिंट; मिंट म्हणजे कोरं. मला वाटलं, माउंटेड म्हणजे प्लास्टिकच्या खिशात नीट जपलेलं आणि अनमाउंटेड म्हणजे कुठल्यातरी पाकिटात सुटं पडलेलं. मग एमएम घेतलं. वर ते स्वस्तही होतं, त्यामुळे विक्रेत्याचीच चूक झाली असणार अशी माझी खात्री.

घेतलं ते १५ ऑगस्ट १९४८ ला निघालेल्या गांधीजींच्या संचातलं बारा आण्यांचं. स्वित्झर्लंडमध्ये कूर्व्हॉइझिए छापखान्यात छापलेला हा संच चार तिकिटांचा: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. दहा रुपयांचं माझ्या आवाक्याबाहेर होतं, आणि त्याच्या नकला इतक्या फिरतात की ते घेतलं नाही हे बरंच झालं. बारा आण्यांचं घरी आणून उलटं केलं, तर पाठीवर हिंज. तिकीट अल्बमात लावायला पूर्वीचे संग्राहक घडी घातलेला हा डिंकाचा चिटोरा वापरायचे. कधीतरी असा चिटोरा लागलेलं, ते माउंटेड. अमेरिकी यादीत यालाच एमएच म्हणतात, आणि हिंज कधीच न लागलेल्याला एमएनएच.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक होतं. पण मला तो चिटोरा डोळ्यांत खुपायला लागला. वापरलेली तिकिटं पाकिटाच्या कागदावरून सोडवताना पाण्यात भिजवतात, हे माहीत होतं. वाटीत पाणी घेतलं आणि बारा आण्यांचं कोरं तिकीट त्यात सोडलं. हिंज सुटला, त्याच्यासोबत सगळा डिंकही सुटला. हिंजमुळे किंमत थोडी उतरते. डिंक गेला की त्याहून पुष्कळ. एवढं करून मी वहीत त्याची कॅटलॉगातली पूर्ण किंमत लिहिली. स्टॅनली गिबन्सच्या कॅटलॉगात व्हिक्टोरियापासून पाचव्या जॉर्जपर्यंतच्या कोऱ्या तिकिटांचे भाव हिंज लागलेल्या प्रतीचे असतात, आणि आठव्या एडवर्डपासून पुढचे, म्हणजे माझ्या १९४८ च्या तिकिटाचेही, हिंज न लागलेल्या प्रतीचे. हे त्याच कॅटलॉगाच्या सुरुवातीच्या पानांत छापलेलं असतं. ती पानं मी उलटून पुढे गेलो होतो.

युरोपातल्या याद्यांत अक्षरांऐवजी तारे असतात. दोन तारे म्हणजे डिंक शाबूत आणि हिंज नाही, एक तारा म्हणजे हिंज लागलेलं, आणि कंसातला तारा म्हणजे डिंकच नाही. कंसातला तारा पाहून मी पानाच्या तळाशी तळटीप शोधत बसलो होतो.

डिंकाचं महत्त्व कळल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेलो. चीनची १९५० च्या दशकातली काही सुंदर तिकिटं समोर आली, पुढे शेरा 'एनजीएआय'. नो गम ॲज इश्यूड, म्हणजे मुळातच बिनडिंकाची निघालेली. मला ती विक्रेत्याची मखलाशी वाटली आणि मी तिकिटं परत केली. चीनची त्या काळातली बरीच तिकिटं खरोखरच तशी निघाली होती. आपल्याकडच्या काही संस्थानांचीही. आता त्यांचे भाव मी विचारतही नाही.

एफयू म्हणजे फाइन यूज्ड, चांगलं वापरलेलं. त्यातल्या 'फाइन'बद्दल लिहायला नको, पण लिहितो. अमेरिकी प्रतवारीत फाइनच्या वर व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन आणि सुपर्ब असतात. फाइन म्हणजे चित्र मध्यापासून चांगलंच सरकलेलं, फक्त दाते त्याला लागलेले नाहीत. गुड तर त्याच्याही खाली. मी गुडची तिकिटं पोटभर जमवली.

खरं सांगायचं तर डिंकाचं हे स्तोम मला आजही पटत नाही. आपल्या दमट हवेत त्याच डिंकावर तांबूस डाग धरतात, म्हणून इथले कितीतरी जण तो मुद्दाम धुऊन टाकतात. यादीत 'गम वॉश्ड' असा शेरा असला की मला जरा धीर येतो.

पण सगळ्यात वाईट फजिती 'सीटीओ'ची. अजमान, फुजैरा, उम्म अल कैवैन या आखाती अमिरातींनी १९६० च्या दशकात आणि त्यानंतरही थोडी वर्षं संग्राहकांसाठी रंगीबेरंगी तिकिटांचा रतीब घातला. त्यांतल्या बऱ्याच तिकिटांवर पत्राशिवायच शिक्का मारलेला असे. कॅन्सल्ड टू ऑर्डर, म्हणजे मागणीबरहुकूम रद्द. ओळखायची खूण सोपी आहे: कोपऱ्यात स्वच्छ शिक्का आणि मागे अख्खा डिंक. मला ती माहीत नव्हती. भाच्याला अल्बम दाखवताना मी सांगत होतो की ही तिकिटं वाळवंटातून, जहाजातून, कुणाकुणाच्या पत्रांवरून आली आहेत. त्याने एक काढलं, जिभेला लावलं आणि वहीच्या पानावर चिकटवलं. ते मस्त चिकटलं.

"मामा, पत्रावर लावलं होतं ना? मग डिंक कसा राहिला?"

"तिकडचा डिंक चांगला असतो," मी म्हणालो.