दारोदार शिकलेलं

सामाजिक संस्थेत नवीन माणूस आला की पूर्वी पहिला प्रश्न असायचा, ‘शिबिर कुठलं केलंस?’ सोमनाथची श्रमसंस्कार छावणी केली असेल तर कुदळ धरता येते, उन्हाची कुरकुर नाही, हे गृहीत धरत. राष्ट्र सेवा दलाचं शिबिर केलं असेल तर गाणी येणार, खेळ घेता येणार आणि शंभर माणसांच्या स्वयंपाकाचा अंदाजही येणार. आता विचारतात, ‘कोर्स कुठला केलास?’ मुंबईला एस. पी. जैन संस्थेत विकास व्यवस्थापनाची पदविका मिळते, आणंदला ‘इर्मा’ आहे, पुण्याला कर्वे समाज सेवा संस्था आहे. आमच्या लातूर भागातली मुलं-मुली तिथं जाऊन शिकून परत येतात, ते पाहून माझं मन भरून येतं. तरी त्यांच्या विषयांची यादी वाचताना एक विषय मी शोधत राहते, आणि तो कुठेच सापडत नाही.

प्रशिक्षणाची कल्पना आपल्याकडे परदेशी निधीबरोबर आली असं पुष्कळांना वाटतं. ते खरं नाही. गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात भारत सेवक समाज काढला तेव्हा सभासद होणाऱ्याला पाच वर्षं उमेदवारी करावी लागे, आणि त्यात अभ्यास असे, प्रवास असे. गोखले स्वतः डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सेवकांच्या शिस्तीत वाढलेले. पंचाहत्तर रुपये पगार आणि वीस वर्षांची बांधिलकी, असा तो करार होता. मुंबईत १९३६ साली समाजकार्याचं शिक्षण देणारी टाटांची शाळा निघाली, तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. म्हणजे सेवाभाव असला तरी काम शिकावं लागतं, हे आपल्या जुन्या लोकांना चांगलं ठाऊक होतं.

मी शिकले ते मात्र लातूरच्या गंजगोलाईत.

सुगी झाली, आडतीवर पैसा खेळायला लागला की आमचे खजिनदार गुरुजी आम्हा दोघा-तिघांना बरोबर घेऊन वर्गणीला निघत. निवृत्त प्राथमिक शिक्षक, पांढरी टोपी, कापडी पिशवीत पावती पुस्तकं. गोलाईला सोळा रस्ते मिळतात. दर वर्षी कुठल्या रस्त्याला सुरुवात करायची हे त्यांचं ठरलेलं असे. निघण्याआधी पावती कशी लिहायची ते ते पुन्हा पुन्हा सांगत. कार्बन सरळ घाल. रक्कम आधी अक्षरी, मग अंकी. चूक झाली तर पान फाडून टाकायचं नाही, आडवी रेघ मारून ‘रद्द’ लिहायचं आणि ती पावती स्थळप्रतीलाच टाचून ठेवायची, नंबर सलग राहिला पाहिजे. पावती वर्गणीदाराच्या हातात गेल्याशिवाय पैसे आपल्या पिशवीत नाहीत. संध्याकाळी संस्थेत आलो की रोजकीर्द लिहायची आणि रोकड जुळेपर्यंत ताटावर बसायचं नाही.

हा झाला हिशेबाचा भाग. खरं शिक्षण गादीवर बसलेल्या आडत्यासमोर होई. तो चष्मा वर करून विचारी, ‘बाई, गेल्या साली वसतिगृहाच्या पत्र्यासाठी नेले होते. पत्रे चढले का?’ चढले नसतील तर का नाही, हे तिथंच, हमालांच्या आणि गिऱ्हाइकांच्या देखत सांगावं लागे. ‘माझ्या भाच्याला का नाही घेतलं वसतिगृहात?’ याचंही उत्तर द्यावं लागे, आणि त्याची वर्गणी हातची न घालवता द्यावं लागे. गुरुजी शेजारी उभे असत आणि एक अक्षर बोलत नसत. बाहेर आल्यावर म्हणत, ‘मुलींची संख्या सांगताना अडखळलीस. संस्थेचे आकडे तोंडपाठ पाहिजेत.’ पाच रुपये देणाऱ्या पानवाल्याला ते पाचशे देणाऱ्या मिलवाल्याइतकंच वाकून नमस्कार करत. माणसांसमोर उभं राहून आपल्या कामाचा जाब देणं मी तिथं शिकले. नेतृत्व म्हणून पुढे जे काही माझ्या हातून झालं त्याचं मूळ त्या दुकानांच्या पायऱ्यांवर आहे.

ही रीत गुरुजींची एकट्याची नव्हती. अंताजी दामोदर काळ्यांनी पैसा फंडासाठी माणशी एक पैसा मागितला आणि त्यातून १९०८ साली तळेगावचा काच कारखाना उभा राहिला. महर्षी कर्व्यांनी १९३६ मध्ये खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढलं तेव्हा त्यांचं वय पंचाहत्तरीच्या पुढचं. तरी ते छोट्या छोट्या वर्गण्यांसाठी पुण्यात पायी हिंडले. मोठी देणगी त्यांना ठाऊक नव्हती असं थोडंच आहे? महिला विद्यापीठाला ठाकरसींनी पंधरा लाख दिले होते. पण छोटी वर्गणी मागायला गेलं की घराघरात काम पोचतं.

ते दिवस सगळेच चांगले होते असं मी म्हणणार नाही. त्या काळाने माणसं फार स्वस्तात वापरली. मानधन म्हणून जे मिळे त्यात मुलांची फी भरता येत नसे, आणि त्याबद्दल बोलणं निष्ठेत कमी पडल्यासारखं धरलं जाई. संस्थापकांच्या बायकांनी वर्षानुवर्षं दोन वेळचा स्वयंपाक केला, पाहुणे सांभाळले, आजारी मुलांपाशी रात्री जागल्या. त्यांचं नाव ना हजेरीपटावर, ना इतिवृत्तात. रात्रीच्या मुक्कामी एखाद्या कार्यकर्तीला वाईट अनुभव आला तर तिनं जायचं कुणाकडे? आणि सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे खुर्ची. अध्यक्ष थकले, ऐकू येईना, तरी ‘त्यांच्या हयातीत नको’ म्हणून बदल व्हायचा नाही. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात तसं कळवायचं असतं, तेही राहून जाई. पुढे दोन गट पडत आणि चांगलं चाललेलं वसतिगृह तारखांमध्ये अडके. अशा संस्था मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. तिथल्या मुलांचं काय झालं असेल, हा विचार अजून त्रास देतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी भूकंपानं हादरली आणि आमच्या कामाची रीतच बदलली. देशभरातून, देशाबाहेरून संस्था आल्या, पैसा आला, पाठोपाठ कार्यशाळा आल्या. तपकिरी कागद, रंगीत कार्डं, ‘लॉगफ्रेम’चे चौकोन. आमच्यातल्या बऱ्याच जणांना ते परकं वाटलं. मला मात्र एक गोष्ट तेव्हाच पटली. एका प्रशिक्षकानं गावातल्या बायकांना रांगोळीनं जमिनीवर गावाचा नकाशा काढायला लावला. ग्रामसभेत कधी तोंड न उघडलेल्या बायका पाणी कुठून आणावं लागतं, अंधारात जायला कुठं भीती वाटते, हे भराभर दाखवू लागल्या. आम्ही इतकी वर्षं त्या गावात जात होतो, पण हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

पुढे कायदा बदलत गेला तसं शिक्षणही बदललं. २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं आलं. परदेशी देणगीतून प्रशासनावर पूर्वी निम्म्यापर्यंत खर्च चाले, तो २०२० मध्ये वीस टक्क्यांवर आला. छोट्या देणगीदाराला करसवलत हवी तर त्याचा पॅन घ्या, वर्षअखेर विवरण भरा, प्रमाणपत्र द्या. एवढा व्याप शंभर रुपयांसाठी कोण करणार? त्यापेक्षा एक नीट प्रपोजल लिहिलं की एकाच कंपनीकडून वर्षभराची सोय होते. अभ्यासक्रमही साहजिकच त्याच दिशेनं गेले: प्रपोजल, अंदाजपत्रक, परिणामांचं मोजमाप, अहवाल. हे सगळं लागतंच, आणि मुलं ते आमच्यापेक्षा कितीतरी चांगलं करतात. पण ज्या गावात काम चालतं त्या गावानं संस्थेला जाब विचारायचा, ही सवय मोडली. मुंबईतल्या कंपनीची अधिकारी बाई अहवाल तपासते, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला मात्र संस्था काय करते हेच ठाऊक नसतं. कंपनीचं धोरण बदललं की संस्था उघडी पडते आणि गावात कुणाला त्याचं सुखदुःख नसतं. या मुलांच्या विषयांच्या यादीत मी जे शोधते ते हेच, गावासमोर उभं राहून जाब देणं.

गेल्या वर्षी आमच्याकडे असा कोर्स करून आलेली एक मुलगी रुजू झाली. आल्या आल्या तिनं पगाराचं कोष्टक मागितलं, तक्रार समितीत बाहेरची सदस्य कोण ते विचारलं आणि कार्यकारिणीसमोर पहिल्याच बैठकीत मला म्हणाली, ‘ताई, तुमच्यानंतर सचिव कोण, हे लिहून ठेवायला हवं.’ बैठक गप्प झाली. मी तिथंच ते इतिवृत्तात घ्यायला लावलं. चाळीस वर्षांत हे वाक्य आमच्या टेबलावर कुणी उच्चारलं नव्हतं.

सुगीनंतर मी तिला गोलाईत घेऊन गेले. पावती पुस्तक तिच्या हातात दिलं आणि गुरुजी उभे राहत तशी बाजूला उभी राहिले. पहिल्याच दुकानात मालकाच्या तरुण मुलानं विचारलं, ‘तुम्ही पगार घेता का हो यातून?’ आम्ही असतो तर ‘मानधन आहे थोडंसं’ असं पुटपुटलो असतो. ती म्हणाली, ‘हो, बावीस हजार. कोष्टक आहे माझ्याकडे, बघता?’ त्यानं खरंच बघितलं. मग वसतिगृहात मुली किती, जेवणाचा खर्च माणशी किती पडतो, हे विचारलं. ते तिला तोंडपाठ होतं. त्यानं पाचशे एक लिहायला सांगितले आणि म्हणाला, ‘वर्षाचा हिशेब दाखवायला याल?’ तिनं पावती लिहिली, पैसे घेतले आणि डायरी काढून त्याच्यासमोर जूनमधली तारीख टाकली.