जुना डीप फ्रीझर, इडलीचं पीठ आणि आईचं इन्सुलिन



मी जुना डीप फ्रीझर घेतल्यापासून पेशंट हसून विचारतात, "काय डॉक्टर, आईस्क्रीमचा धंदा टाकला का?" त्याचं उत्तर आज देतो. सोबत माझी एक चूकही सांगतो. ती तुमच्या घरी होऊ नये.

बारामतीत मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. संध्याकाळी वाटलेलं इडलीचं पीठ झोपेपर्यंत उतू जातं आणि सकाळी आंबट ढाण होतं. जानेवारीत मात्र तेच पीठ सकाळपर्यंत फुगत नाही. पीठ आंबवणारे सूक्ष्मजीव तापमानावर चालतात. तीस अंशांच्या आसपास ते नीट काम करतात. परदेशात हौशी लोक घरी बीअर आंबवताना जुना डीप फ्रीझर वापरतात आणि त्याला बाहेरून तापमान नियंत्रक जोडतात. कल्पना मी तिथून उचलली. बीअर नाही! आपल्याकडे परवान्याशिवाय घरी दारू बनवणं महाराष्ट्र दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. मला फक्त इडलीचं पीठ आणि ज्वारीची आंबील हवी होती.

इंदापूरला बंद पडलेल्या एका आईस्क्रीमच्या दुकानातला फ्रीझर साडेचार हजारांत मिळाला. निमगाव केतकी, अंथुर्णे, भवानीनगर करत छोटा हत्तीतून तो घरी आला. नियंत्रक कुरियरने यायचा होता. तोवर कॉम्प्रेसर चालतो का ते बघावं म्हणून मी तो दोन दिवस तसाच चालू ठेवला. आत उणे अठरा अंश!

त्याच दिवशी घरी सत्यनारायण होता. स्वयंपाकघरातला फ्रिज पातेल्यांनी भरलेला. माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, बरीच वर्षं इन्सुलिनवर. तिने जागा करायला इन्सुलिनचा डबा "नव्या फ्रिजमध्ये" ठेवला. सकाळी बाटलीत बर्फ झालेला दिसला. तिने ती ओट्यावर ठेवून वितळवली आणि परत जागेवर ठेवली. वाया कशाला घालवायची? कुणाला काही बोलली नाही.

पुढच्या आठवड्यात तिची उपाशीपोटीची साखर २४० आली, मग ३१०. मी विचारलं, "आई, पूजेचा शिरा जास्त झाला का?" ती म्हणाली, "घासभर खाल्ला रे." मी आधी चार युनिट वाढवले, मग आणखी चार. इन्सुलिन कुठे ठेवलं होतं, हे मी विचारलंच नाही. दुसऱ्या कुणाची आई असती तर कदाचित विचारलं असतं.

पंधरा दिवसांनी ती बाटली संपली आणि मेडिकलमधून नवी आली. दुसऱ्याच दिवशी पहाटे चार वाजता आई घामाने चिंब, असंबद्ध बोलत होती. साखर ४६. ती गिळू शकत होती म्हणून लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, ७८ झाली होती. मग काहीतरी खायला दिलं. सकाळी चहा घेताना तिने बर्फाची गोष्ट सांगितली.

झालं ते असं. इन्सुलिन हे प्रथिन आहे. गोठलं की त्याची रचना बिघडू शकते आणि वितळल्यावरही त्याच्या ताकदीचा भरवसा राहत नाही. दुधाळ इन्सुलिनमध्ये कधी गुठळ्या दिसतात, कधी काहीच दिसत नाही. मी वाढवलेला डोस अशा खराब औषधावर ठरवलेला होता. चांगलं औषध आल्यावर तोच डोस जास्त झाला.

म्हणून एवढं लक्षात ठेवा:

१. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवा. बर्फाच्या कप्प्यात नाही आणि त्याला चिकटूनही नाही.

२. एकदा गोठलेलं इन्सुलिन वापरू नका, दिसायला कितीही चांगलं असलं तरी.

३. वापरात असलेली बाटली साधारण चार आठवड्यांत संपवा. आपल्या उन्हाळ्यात तीही फ्रिजमध्येच बरी. गाडीच्या डिकीत कधीच नको.

४. साखर अचानक वाढली तर डोस वाढवण्याआधी डॉक्टरांना सांगा: बाटली कधी उघडली, कुठे ठेवली, लाईट किती वेळ गेली होती.

५. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं म्हणजे साखर कमी झालेली असू शकते. माणूस शुद्धीत असेल तर साखरपाणी द्या. बेशुद्ध असेल तर तोंडातून काहीही देऊ नका, थेट दवाखाना गाठा.

६. जुना फ्रीझर घेतलाच तर अर्थिंग तपासून घ्या आणि झाकणाचं कुलूप काढून टाका. लहान मूल आत अडकलं तर गुदमरतं. नळ्या भिंतीत असू शकतात, म्हणून भोक पाडू नका.

आता नियंत्रक बसवला आहे. त्याची तार पाण्याच्या बाटलीत बुडवलेली असते. तीस अंशांच्या वर गेलं की फ्रीझर चालू होतो, थंडीत आतला बल्ब ऊब देतो. इडल्या छान होतात. झाकणावर लाल अक्षरांत लिहिलंय: "यात औषध ठेवू नये."

आई म्हणते, "ते माझ्यासाठी लिहिलंस ना?" खरं तर ते माझ्यासाठी आहे. हल्ली साखर वाढलेला पेशंट आला की मी गोडाबद्दल नंतर विचारतो. आधी विचारतो, "इन्सुलिन कुठे ठेवता?"