दारू आणि बारूद

‘माझे दादा दारू बनवायचे.’ चौथीत असताना मी हे वर्गात सांगितलं आणि सगळी पोरं हसली. ‘मुसलमान असून दारू?’ मागून कुणीतरी विचारलं. मी रडतच घरी आलो. दादा म्हणाले, ‘बेटा, अपनी दारू पीने की नै, उडाने की.’

दादा शोभेची दारू बनवायचे. सोरा, गंधक आणि कोळसा. वरातीत, उरुसात त्यांचे भुईनळे उडत. त्याच घरात कुणी आजारी पडलं की दादी विचारायची, ‘दवादारू केली का?’ घरात थेंब वर्ज्य, शब्द मात्र रोजचा.

पुढे कळलं, दादीचाच अर्थ मूळचा. फारसीत दारू म्हणजे औषध. पिण्याच्या दारूलाही तेच नाव मिळालं. चीनमध्ये नवव्या शतकाच्या सुमारास अमर करणारं औषध शोधणाऱ्या किमयागारांना हे स्फोटक मिश्रण सापडलं. चिनी भाषेत त्याला आजही ‘आगीचं औषध’ म्हणतात. अरबीतला ‘बारूद’ आधी नुसत्या सोऱ्याचं नाव होता. तेराव्या शतकातल्या इब्न अल-बैतार या अंदलुसी औषधतज्ज्ञाने आपल्या औषधींच्या ग्रंथात त्याची नोंद केली आहे. म्हणजे दोन्ही शब्द दवाखान्यातून तोफखान्यात गेले.

मराठीने ‘दारू’ आपलीशी केली. मराठेशाहीच्या अठरा कारखान्यांत तोफखान्याबरोबर दारूखानाही होता. मुंबईत रे रोडजवळच्या वस्तीचं नाव अजून दारूखानाच. आमचं हिंगोली तर निजामाच्या काळातलं लष्करी ठाणं. तोफखाना, पलटण, रिसाला ही इथल्या मोहल्ल्यांची नावं. ती उच्चारताना कुणी दचकत नाही.

परवा मुलीला शाळेतून वंशावळ लिहायला सांगितली. पणजोबांच्या नावापुढे ‘व्यवसाय’ असा रकाना होता. माझा पेन अडला. ‘दारू’ लिहिलं तर वर्ग हसेल. ‘बारूद’ लिहिलं तर, आमच्या आडनावापुढे, वर्ग गप्प होईल. हसणं मी सोसलं होतं, ते गप्प होणं तिच्या वाट्याला येऊ नये म्हणून मी ‘किरकोळ व्यापार’ लिहून टाकलं.

रात्री झोप येईना. आयुष्यभर लोकांच्या आनंदात उजेड करणाऱ्या माणसाला मी एका रकान्यात लपवलं होतं. सकाळी ते खोडलं आणि मुलीला मराठीतलाच एक जुना शब्द सांगितला. तिने मोठ्या अक्षरात लिहिला : दारूगर.

‘म्हणजे काय, असं बाई विचारतील,’ ती म्हणाली.

‘विचारू देत,’ मी म्हणालो. ‘तू सांग.’