रंगरंगोटीच्या आधी फाईल

पुण्यात कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर या भागांतल्या जुन्या सोसायट्यांमधला फ्लॅट विकायला किंवा भाड्याने द्यायला काढला, की मालकाचा पहिला प्रश्न बहुधा स्वयंपाकघराचा असतो: मॉड्युलर किचन बसवलं तर किंमत किती वाढेल? असे व्यवहार जवळून पाहत आल्यामुळे माझं मत पक्कं झालं आहे की तो पैसा आधी दोन ठिकाणी जायला हवा: घराच्या कागदपत्रांवर आणि इमारतीच्या गळतीवर. भाडेकरू, गिऱ्हाईक आणि बँक या तिघांना वेगवेगळ्या गोष्टी हव्या असतात, असं आपण धरून चालतो. पण गिऱ्हाइकाने मोजायच्या रकमेतला मोठा वाटा बँकेचाच असतो. त्यामुळे बँकेला जे खटकतं ते गिऱ्हाइकाच्या खिशाला लागतं आणि शेवटी मालकाच्या किमतीतून वजा होतं.

हिशेब करून पाहू. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार 30 लाखांच्या वर आणि 75 लाखांपर्यंतचं गृहकर्ज घराच्या मूल्याच्या 80 टक्क्यांपर्यंतच देता येतं. सौदा 80 लाखांना ठरला आणि बँकेच्या मूल्यांकनकाराने तेवढीच किंमत धरली, तर 64 लाखांपर्यंत कर्ज मिळू शकतं. त्याने ती 70 लाखच धरली तर कर्ज 56 लाखांवर येतं, कारण बँक करारातली किंमत आणि मूल्यांकन यांतला कमी आकडा घेते. म्हणजे गिऱ्हाइकाला 8 लाख जास्तीचे उभे करावे लागतात. त्याशिवाय 7 टक्के मुद्रांक शुल्क आणि 30 हजार नोंदणी फी असते, आणि हा खर्च बँक घराच्या मूल्यात धरत नाही. नोकरदार जोडप्याचा सौदा इथेच मोडतो. उरतो तो रोख पैसे बाळगणारा, आणि तो आपल्या अटींवरच किंमत बोलतो.

बँकेचा वकील फाईल उघडतो तेव्हा त्याला बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंतचे सगळे नोंदणीकृत करार, सूची क्रमांक दोन, भोगवटा प्रमाणपत्र, शेअर सर्टिफिकेटवरची हस्तांतरणाची नोंद, सोसायटीची एनओसी आणि थकबाकी नसल्याचा दाखला हवा असतो. मधला एखादा मूळ करार हरवलेला असतो. वडिलांच्या पश्चात भावंडांनी हक्कसोड पत्र केलेलं असतं, पण त्याची नोंदणी राहून गेलेली असते. एवढ्याने काम महिनोन् महिने अडतं. हीच जुळवाजुळव जाहिरात देण्याआधी केली तर खर्च मामुली असतो. गिऱ्हाईक टोकन देऊन ताटकळत बसलेलं असताना केली तर दिवसागणिक भाव उतरतो.

यावर हमखास आक्षेप येतो की भाडेकरू कुठे कागद पाहतो? खरं आहे, तो भिंत पाहतो. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमची गळती छतावर पिवळट डाग पाडते, प्लास्टर फुगतं, आणि वर रंगाचा हात मारला तरी पहिल्या पावसात डाग पुन्हा दिसू लागतो. असं घर घेणारा अकरा महिने संपायच्या आधीच दुसरीकडे पाहू लागतो, आणि रिकाम्या महिन्यांत बुडालेलं भाडं किचनच्या वाढीव भाड्यातून भरून निघत नाही. रंग, दिवे, चांगले नळ जरूर करावेत. ते स्वस्त असतात. शिवाय महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर वादात अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. भाडेकरूसह फ्लॅट घेऊ पाहणाऱ्याला म्हणूनच हा करार आधी हवा असतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कागदपत्रांत जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावे होणं, हेही आलं, पण ते सोसायटीचं काम, एकटा सभासद काय करणार? फ्लॅटच्या मालकीबद्दलचा मोफा कायदा 1963 चा आहे आणि सोसायटीच्या नावे जमीन करून देण्याचं बंधन त्यात बिल्डरवर आहे, तरी असंख्य सोसायट्यांच्या जमिनी अजून जुन्या मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर आहेत. त्यासाठीच 2008 च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची वाट काढली. अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे करायचा असतो आणि बिल्डरने सही द्यायला नकार दिला म्हणून तो अडत नाही. विषय सर्वसाधारण सभेत मांडायला एक सभासद पुरतो, आणि खर्च सगळ्यांत वाटला जातो. चाळीस वर्षांच्या इमारतीत खरी किंमत जमिनीत आणि पुनर्विकासाच्या शक्यतेत असते. जमीन नावावर नसेल तर पुनर्विकासाचा रस्ताही अडखळतो. लोकेशनच सगळं ठरवतं असं म्हणणाऱ्यांनी एकाच गल्लीतल्या दोन इमारती पाहाव्यात, एक अभिहस्तांतरण झालेली आणि एक न झालेली, आणि दोन्हींतल्या फ्लॅटवर कर्ज मिळेल का हे बँकेत विचारून यावं.