मुंढा सैल करू नका

"मुंढा सैल करा, सगळं ठीक होईल." हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता कोणी म्हटलं की डोकं फिरतं. कर्जतच्या एका शिंप्याने तर माझ्यादेखत टॉपची बाही उसवली, मुंढा इंचभर खाली कापला, पुन्हा शिवला आणि वर पैसे घेतले. टॉप होता त्याहून बिघडला.

तक्रार साधीच होती. पळसदरीहून कर्जत, तिथून पुढची लोकल. बायकांच्या डब्यात उभं राहून वरची कडी धरली की पूर्ण बाह्यांचा होजिअरी टॉप सरळ कमरेच्या वर! एका हाताने कडी धरायची, दुसऱ्याने टॉप ओढायचा, मग पर्स कोणी सांभाळायची? दुकानातल्या बाह्या माझ्या मनगटाआधीच संपतात, ते वेगळंच.

शेवटी स्वतःच शिवायला बसले. मशीन घरचंच, झिगझॅगचं. उल्हासनगरहून लायक्रा मिसळलेलं कापड आणलं. आटतं, म्हणून कापण्याआधी धुतलं. सुई मात्र बॉल पॉइंटची हवी. तिचं टोक गोलसर असतं, ते धागा न तोडता बाजूला सारतं. साध्या सुईने भोकं पडतात आणि तिथून वीण सुटत जाते. सरळ टीप ताण बसला की तटकन तुटते, म्हणून बारीक झिगझॅग. "ओव्हरलॉकशिवाय होजिअरी शिवताच येत नाही" असंही मला ठणकावून सांगितलं होतं. या कापडाच्या कडा गुंडाळतात, पण सुती कापडासारखे धागे निघत नाहीत. अडत काही नाही. खांद्याच्या शिवणीत तेवढी सुती पट्टी घालावी, नाहीतर बाह्यांच्या वजनाने खांदे ओघळतात.

आता मुंढा. बाही अंगाला काखेच्या जितकी खाली जोडलेली, तितका हात वर करताना अख्खा टॉप तिच्याबरोबर खेचला जातो. मुंढा काखेला लागून असेल तर हात एकटाच वर जातो. म्हणजे जो दिसायला घट्ट, तोच मोकळा! मी मुंढा वर घेतला, बाहीचा वरचा उंचवटा कमी केला, दंडात घेर वाढवला. छातीला ड्रेससारखी सैल शिल्लक धरली नाही, उलट अंगाच्या मापापेक्षा थोडं कमीच घेतलं; कापड ताणतं ना. घालून दोन्ही हात डोक्यावर नेले. टॉप जागचा हलला नाही. खरं सांगते, माझाच विश्वास बसेना.

राग याचा येतो की शिंप्यांना हे ठाऊक नसतं असं नाही. साडीवरच्या ब्लाउजचा मुंढा तेच शिंपी काखेला चिकटवून बसवतात. जुन्या झब्ब्यांच्या काखेत चौकोनी तुकडा असायचा, तो हात उचलता यावा म्हणूनच. मग टॉप समोर आला की ही अक्कल कुठे जाते? तयार कपडेवाल्यांचं समजू शकते, एकच माप दहा अंगांना बसवायचं तर मुंढा खोल कापणं त्यांच्या सोयीचं. पण माप घेऊन शिवणाऱ्याने तसं का करावं?

एवढं बोलून सांगते, ब्लाउज मी अजून त्याच शिंप्याकडे टाकते. त्याच्यासारखा गळा मला जमत नाही. आणि कापड, दोरा, संध्याकाळी घातलेला वेळ असा हिशेब मांडला तर तयार टॉप स्वस्तच पडतो.

तो घेणार असाल तर दुकानातच दोन्ही हात वर करून बघा. दुकानदार हसला तर हसू दे.