काय करायचं नाही, तेही लिहा

अहिल्यानगरला सावेडीत प्रोफेसर कॉलनी चौकाच्या अलीकडे आमचं लहानसं ऑफिस आहे. छोट्या उद्योगांना कामाच्या नोंदी ठेवण्याचं सॉफ्टवेअर बसवून देणं हा आमचा धंदा. मध्यंतरी दूध संकलन केंद्रांवरचे बल्क कूलर दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीने विचारलं, “तक्रारी व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. एआयने त्या वाचून परस्पर कामं नोंदवली तर?” जोडणीचा कोड लवकर झाला. वेळ खाल्ला तो वर्णनं लिहिण्याने.

अशा जोडणीत एआय एजंटला आपल्यासारखी स्क्रीन बघून काम करायचं नसतं. त्याच्या हाती टूल्सची यादी येते. प्रत्येक टूलचं नाव, त्याचं वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची याचा आराखडा. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्येही टूलची ओळख मुख्यतः या तीन गोष्टींनीच होते. कोणतं टूल कधी उचलायचं, हे एजंट तेवढ्यावरून ठरवतो.

सॉफ्टवेअरसोबत आलेलं एक वर्णन होतं, ‘टास्क पूर्ण करते.’ यात चुकीचं काहीच नाही. पण या कंपनीत काम तीन तऱ्हांनी मिटतं. मेकॅनिक जाऊन दुरुस्ती करतो, केंद्रचालक “आता येऊ नका” म्हणतो, किंवा एकच तक्रार दोनदा नोंदवली गेलेली असते. चाचणीत पाथर्डीकडच्या केंद्राचा निरोप टाकला, “राहू द्या, लाइट आली, कूलर चालू झाला.” एजंटने काम बिनदिक्कत पूर्ण करून टाकलं. खरोखरीचं काम असतं, तर न झालेल्या भेटीचं बिल निघालं असतं.

कंपनीत कामं वाटून देणाऱ्या ताईंना हे दाखवलं. त्या हसल्या. “अहो दादा, नवीन पोरगं आलं की मी त्याला आधी काय करायचं नाही ते सांगते. सहीचा फोटो नाही, तर काम पूर्ण नाही. कूलर आपोआप चालू झाला, तर ते काम रद्द. आणि डिलीटला हात लावायचा नाही, आधी मला विचारायचं.”

त्यांचं बोलणं जवळजवळ तसंच वर्णनात उतरलं: ‘मेकॅनिकने दुरुस्ती केली असेल आणि केंद्रचालकाच्या सहीचा फोटो जोडलेला असेल, तरच हे टूल वापरावे. भेट नको असल्यास किंवा कूलर आपोआप सुरू झाल्यास वापरू नये. त्यासाठी “काम रद्द करा” हे टूल आहे. फोटो नसेल तर काम उघडे ठेवून समन्वयकाला विचारावे.’

डिलीटचं टूल मात्र आम्ही एजंटच्या यादीतूनच काढलं. टूल माहिती पुसणारं आहे, अशी खूण जोडायची सोय प्रोटोकॉलच्या मार्च २०२५ च्या आवृत्तीत आली. पण ती नुसती सूचना असते, कुलूप नव्हे.

प्राधान्याच्या आकड्यांनीही डोकं खाल्लं. १ म्हणजे सर्वांत तातडीचं की सर्वांत निवांत? टूडूइस्ट या कामं नोंदवायच्या अ‍ॅपच्या एपीआयमध्ये ४ हा आकडा सर्वांत तातडीच्या कामाला असतो. त्याच कामापुढे अ‍ॅपमध्ये पी१ दिसतं. म्हणून आम्ही आकडे काढून शब्द घातले. तरी तातडीचं कशाला म्हणायचं, हे उरलंच, कारण प्रत्येक निरोपात ‘अर्जंट’ असतंच. ताई एकच प्रश्न विचारतात, “कूलरमध्ये दूध आहे का?” दूध चार अंशांच्या आसपास राहिलं नाही, तर ते नासायला वेळ लागत नाही. टाकी भरलेली असेल तर लगेच, रिकामी असेल तर पुढच्या संकलनाआधी. हा नियम वर्णनात आला आणि ‘अर्जंट’ या शब्दावर विसंबू नये, हेही.

प्रत्येक गोष्ट वर्णनात कोंबायची नाही, हे ग्राहक शोधायच्या टूलने शिकवलं. जुन्या बिलांवर अहमदनगर, ऑक्टोबर २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे बदलल्यानंतरच्या कागदांवर अहिल्यानगर, आणि बोलताना सगळ्यांचं नगर. एजंटने एका नावाने शोधलं, काही सापडलं नाही, तर तो जुन्याच ग्राहकाची नवी नोंद करून मोकळा. तिन्ही नावं एकच आहेत, असं वर्णनात लिहिता आलं असतं. पण वर्णनं प्रत्येक खेपेला मॉडेलकडे जातात. जागा अडते, पैसे लागतात. म्हणून नावांची जुळणी कोडमध्ये केली. शोध रिकामा परतला तर टूल आता सांगतं, ‘ग्राहक सापडला नाही. मोबाइल नंबरने पुन्हा शोधा. विचारल्याशिवाय नवी नोंद करू नका.’ टूलचं असं उत्तरही वर्णनाइतकंच जपून लिहावं लागतं.

आता नवं काम घेतलं की कोडच्या आधी आम्ही कामं वाटणाऱ्या माणसाशेजारी खुर्ची टाकून बसतो. नव्या माणसाला तुम्ही काय करू नको म्हणता, हा पहिला प्रश्न. निम्मी वर्णनं त्या उत्तरातच मिळतात. कधी मालक एक सांगतो आणि ताई दुसरंच. कूलर कंपनीत हमीच्या काळातल्या कामांबाबत तसंच झालं. तेव्हा आम्ही ते वर्णन कोरं ठेवलं आणि दोघांना सांगितलं, आधी तुमचं ठरू द्या. मग कळलं की त्यांचे मेकॅनिकही या बाबतीत आपापल्या समजुतीने बिलं करत होते.