अर्धी वाटी साखर



बऱ्याच महिन्यांनी लिहिते आहे. मधले जवळजवळ पाच महिने मी शहापुरात नव्हते. लेकीच्या बाळंतपणासाठी इंग्लंडला, लेस्टरला गेले होते. परत आल्यापासून तुम्ही सगळ्या विचारताय की तिकडे करमलं का, कांदा-लसूण-बटाट्याशिवाय कसं निभावलं, थंडीत पहाटे आंघोळ कशी केली. ते सगळं सांगेन सावकाश. आज मात्र तिथे माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल लिहिते. ती चूक मी इथे शहापुरातही वर्षानुवर्षं करत होते, हे मला तिकडे गेल्यावर कळलं.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये मी पोहोचले. लेकीचे दिवस ऑक्टोबरमध्ये भरणार होते. ती दिवसभर लॅपटॉपवर, जावई कामावर, आणि मी खिडकीशी. ती राहते तो बेलग्रेव्हचा भाग म्हणजे आपल्याकडची एखादी जुनी आळीच. घराला घर चिकटलेलं, मोठ्या रस्त्यावर साड्यांची, सोन्याची, मिठाईची दुकानं, आणि जिकडेतिकडे गुजराती कानावर पडणार. कोणाकडे कोण आलं, हे संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला ठाऊक. मी आले तेही दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि आपलं म्हणणं वेगळं. रस्त्यात सगळ्या हसून "केम छो" म्हणत आणि पुढे जात.

शेजारच्या बेनने माझी घालमेल ओळखली. जवळच्या एका हॉलमध्ये आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, वयस्कर लोकांसाठी दुपारचं जेवण असतं. वाढायला, आवरायला माणसं लागतात, येतेस का, असं तिने विचारलं. लेकीने आधी नियम तपासला. आपण पाहुणे म्हणून सहा महिन्यांच्या व्हिसावर जातो ना, त्यात नोंदणी असलेल्या धर्मादाय संस्थेतच स्वयंसेवा करता येते, आणि तीही एकूण ३० दिवसांपर्यंतच. तुमच्यापैकी कोणी जाणार असेल तर हे लक्षात ठेवा. मी कॅलेंडरवर खुणा करायला घेतल्या. मनात म्हटलं, चला, परदेशात वैयावृत्त्य घडेल.

पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी मी एका आजींच्या टेबलाशी वाढत होते. सगळे त्यांना नुसतं "बा" म्हणत. वय अठ्ठ्याहत्तर, पांढरी साडी, वर जाड स्वेटर, आणि दोन्ही हात सारखे थरथरत. रोटलीचा तुकडा मोडताना त्यांना फार वेळ लागत होता. मला राहवलं नाही. मी वाकले, त्यांच्या ताटातल्या दोन्ही रोटल्यांचे बारीक तुकडे केले, वर डाळ घातली आणि चमचा त्यांच्या हातात दिला. लहान मुलाला देतो तसा. हसून म्हटलंसुद्धा, "आता खा आरामात."

बा काही बोलल्या नाहीत. चमचा खाली ठेवला, पाण्याचा एक घोट घेतला, खुर्चीचा हात धरून उठल्या आणि कोट घालून घरी गेल्या. ताट तसंच राहिलं. टेबलावरच्या बाकीच्या बायकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या पुढच्या खेपेपासून बा दुसऱ्या टेबलावर बसायला लागल्या.

मला राग आला, खरं सांगते. आपण चांगलं करायला जावं आणि वर हे! घरी येऊन लेकीला म्हटलं, तर ती सहज बोलली, "आई, तू त्यांना विचारलंस का?"

त्या रात्री झोप लागली नाही. आपल्याकडे मुनीमहाराजांचा आहार असतो तेव्हा आपण कसं वागतो, ते आठवत राहिले. पडगाहन करून आपण हात जोडून उभ्या राहतो. त्यांचा नियम जुळला तर ते थांबतात, नाहीतर दारावरून पुढे जातात, आणि आपण वाईट वाटून घेत नाही. प्रत्येक पदार्थ आधी दाखवतो. त्यांनी खूण केली तरच अंजलीत घास ठेवतो. नको म्हटलं तर हात मागे. देणारी मी असले तरी काय घ्यायचं, किती घ्यायचं, हे ठरवणारे ते. एवढी काळजी मी आयुष्यभर घेतली, आणि एका म्हाताऱ्या बाईच्या ताटात मात्र न विचारता हात घातला. महाराजांना मान असतो आणि थरथरत्या हातांच्या बाईला नसतो, असं काही मी मनात धरलं होतं का?

मग संवत्सरी आली. लेस्टरचं जैन मंदिर ऑक्सफर्ड स्ट्रीटवर आहे. इमारत मूळची चर्चची. तिला समोरून पांढरा संगमरवर आणि आत कोरीव दगडी खांब, आणि १९८८ मध्ये तिथे प्रतिष्ठा झाली. एकाच छताखाली श्वेतांबर, दिगंबर, स्थानकवासी आणि श्रीमद् राजचंद्रांना मानणारे, सगळ्यांची जागा आहे. मूळनायक शांतिनाथ भगवान. मला एकदम आपलं रामटेक आठवलं. आपले शांतिनाथ उभे, हे बसलेले, डोळे आणि अलंकार असलेले. पण नाव घेतलं की घशाशी तेच दाटून येतं.

त्या वर्षी त्यांची संवत्सरी गणेश चतुर्थीला होती आणि दुसऱ्या दिवसापासून आपलं दशलक्षण. म्हणजे त्यांच्या क्षमेच्या दिवशी मी आपल्या उत्तम क्षमेच्या उंबरठ्यावर. प्रतिक्रमण झाल्यावर सगळे एकमेकांना "मिच्छामि दुक्कडम्" म्हणत होते. मी बांना शोधलं, हात जोडले आणि म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गुजराती-हिंदीत विचारलं, "कशाबद्दल?"

मैत्रिणींनो, इतकी वर्षं क्षमावाणीला मी शंभर जणींना हात जोडले असतील, हल्ली तर मोबाइलवर एकच मेसेज सगळ्यांना. कशाबद्दल, असं मला कोणी विचारलं नव्हतं. आजूबाजूला माणसं होती. मी चाचरत म्हटलं, "तुमच्या ताटाला न विचारता हात लावला. तुम्हाला लहान मूल समजले. सगळ्यांसमोर."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग शेजारच्या खुर्चीकडे हात करून म्हणाल्या, "बेस." एवढंच. पुढे त्या माझ्याशी काही बोलल्या नाहीत, पण मी त्यांच्या शेजारी बसले.

खरं बोलणं सुरू झालं ते डिंकामुळे. ऑक्टोबरमध्ये नात झाली. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू करायचे तर घरात डिंक नाही. दुकानात मी "डिंक, डिंक" म्हणते आणि दुकानदाराला समजेना. शेवटी शुक्रवारी हॉलमध्ये मी बांकडे गेले आणि म्हटलं, "बा, माझं अडलंय. बाळंतिणीच्या लाडवात घालतात तो डिंक इथे कुठे मिळेल?" त्यांचा चेहराच बदलला. "अरे, गुंदर!" त्यांनी दुकान सांगितलं, कुठल्या फडताळात ठेवलेला असतो तेही सांगितलं. तुपात तळताना आच किती ठेवायची, सुंठ किती घालायची, यावर आमचा वाद झाला. त्यांच्याकडे काटलुं नावाचा बत्तीस मसाल्यांचा पाक करतात, आपल्या लाडवांना त्या अगदीच साधे ठरवत होत्या. मी त्यांना लाडू नेऊन दिले. त्यांनी डबा रिकामा परत केला नाही, सुखडी भरून दिली. मग मी तो रिकामा कसा पाठवणार? तो डबा जानेवारीपर्यंत त्यांच्या आणि आमच्या घरी फिरत राहिला.

एकदा डबा द्यायला गेले तेव्हा त्यांनी त्यांची हकिगत सांगितली. त्या युगांडातल्या जिंजा गावच्या. १९७२ च्या ऑगस्टमध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं. दुकान, घर, सगळं तिथेच राहिलं. सुमारे २८ हजार माणसं ब्रिटनमध्ये आली. लेस्टरच्या नगरपालिकेने तर 'युगांडा आर्गस' या तिथल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की आमच्याकडे येऊ नका, घरं आणि शाळा भरलेल्या आहेत. तरी हजारो आले, कारण कोणाचा मामा, कोणाची नणंद आधीपासून तिथे होती. त्यातल्याच या बा, तेव्हा सव्वीस वर्षांच्या.

आधी त्यांना जुन्या लष्करी छावणीत ठेवलं होतं. तिथे स्वयंसेवक इंग्रज बायका गरम कपडे वाटायच्या. बा म्हणाल्या, "मला एक तपकिरी कोट मिळाला. चांगला होता, कित्येक वर्षं वापरला. देणारी बाई भली होती. पण तिचा चेहरा मला आठवत नाही. मी मान खाली घालून कोट घेतला होता ना!"

"मग लेस्टरला भाड्याची खोली मिळाली. दोन महिने शेजारी कोणी बोललं नाही. एक दिवस पलीकडची गोरी बाई दारात, हातात वाटी. खुणेने सांगते, साखर संपली, अर्धी वाटी देतेस का? माझ्याकडे मोजकीच साखर होती. मी वाटी काठोकाठ भरून दिली. त्या रात्री यांना म्हटलं, आता आपण इथे राहायला आलो." मग हसून म्हणाल्या, "तिचं तोंड मला अजून दिसतं."

मी काही बोलले नाही. रोटलीचे तुकडे करताना मी कोट देणारी झाले होते, आणि डिंक विचारायला गेले तेव्हा वाटी घेऊन आलेली. जैन प्रतीकाखाली लिहिलेलं ते तत्त्वार्थसूत्रातलं सूत्र आपण पाठशाळेत पाठ केलं, की जीव एकमेकांवर उपकार करतात. "एकमेकांवर" हा शब्द मी आजवर नीट ऐकलाच नव्हता. मला वाटायचं, उपकार मी करायचा आणि पुण्यही माझ्या खात्यावर.

नात झाल्यावर पाच आठवडे मी हॉलमध्ये फारशी गेले नाही, त्यामुळे माझे तीसपैकी सव्वीसच दिवस भरले. शेवटच्या दिवशी मी वाढत असताना बांनी मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, "तू घरून ती काळी चटणी आणली होतीस ना, जवसाची? उरली असेल तर थोडी दे." चार महिन्यांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं ते हे पहिल्यांदा. बरणीत होती नव्हती ती सगळी चटणी मी त्यांना नेऊन दिली. मग त्यांनी ताट माझ्यासमोर सरकवलं आणि म्हणाल्या, "आज हात जास्त कापतो आहे. रोटली मोडून दे." मी मोडून दिली. लहान नाही, त्यांनी बोटाने दाखवले तेवढे तुकडे.

जानेवारीच्या सुरुवातीला मी शहापुरात परतले. आपल्या गावाला लागूनच जवाहरनगरची ऑर्डनन्स फॅक्टरी. तिच्यामुळे किती प्रांतांची माणसं आपल्या आजूबाजूला राहतात! आमच्या मागच्या गल्लीत ओडिशाचं एक जोडपं तीन वर्षांपासून भाड्याने राहतं. त्या मुलीला मी "फॅक्टरीवाल्याची बायको" एवढंच ओळखत होते. दिवाळीला फराळाचं ताट पाठवायचे, तेही कामवाल्या बाईच्या हाती. मी कधी तिच्या दारात उभी राहिले नव्हते.

२४ जानेवारीला सकाळी स्फोट झाला. तो आवाज आपण सगळ्यांनी ऐकला आहे. मी त्याबद्दल जास्त लिहीत नाही. घरांतली माणसं गेली आणि त्यांच्या दुःखावर लिहायचा मला अधिकार नाही. आवाजानंतर मी बाहेर आले तर ती मुलगी ओट्यावर उभी, कडेवर मूल, हातात फोन. नवरा आत, आणि आत फोन नेता येत नाही. पूर्वीची मी असते तर घरून चहा आणि खायला आणून तिच्यापुढे ठेवलं असतं, "काही होणार नाही" म्हटलं असतं. त्या दिवशी फक्त विचारलं, "मी इथे बसू का तुझ्याजवळ?" तिने मान हलवली. आम्ही दुपारपर्यंत बसून होतो. मधेच तिने मूल माझ्या मांडीवर दिलं आणि आत जाऊन देवासमोर उभी राहिली. नवरा सुखरूप परत आला. तो दुसऱ्या विभागात होता.

चार दिवसांनी मी तिच्याकडे मागायला गेले. साखर घरात होती, म्हणून साखर मागितली नाही, खोटं कशाला बोला. तिच्या दारात कढीपत्त्याचं झाड आहे, त्याच्या दोन डहाळ्या मागितल्या. तिने ओंजळ भरून दिल्या. परवा ती स्वतःहून आली आणि म्हणाली, "काकू, अर्धा तास बाळाला सांभाळाल?" आता तिचं नाव मला माहीत आहे. इथे लिहीत नाही, तिला विचारलेलं नाही.

रविवारी लेकीशी व्हिडिओवर बोलताना कळलं की बांनी डबा पाठवला होता. आत सुखडी, आणि सोबत निरोप, "तुझ्या आईला सांग, चटणी संपली." जवस भाजायला घेतले आहेत. लेकीची एक मैत्रीण पुढच्या महिन्यात नागपूरहून निघते आहे, तिच्याजवळ पाठवीन.

जय जिनेंद्र.